कॉनचा जुना आल्टो सॅक्सोफोन: नागपूरच्या हवेत वापरल्यानंतरचा अनुभव

कामठीच्या एका बँडवाल्या घरातून घेतलेल्या कॉन या अमेरिकन कंपनीच्या 'न्यू वंडर' मॉडेलच्या आल्टोने माझ्याकडे एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढला. आवाजाला तोड नाही, पण इथल्या हवेत त्याचे लाड फार पुरवावे लागतात.

आधी खरेदीचं. मागे '८ डिसेंबर १९१४' कोरलेलं दाखवून विकणारे भाव चढवतात. ती पेटंटची तारीख. वाद्य १९२०च्या दशकातलं. बघायचं ते सीरियल नंबरजवळचं 'एल' अक्षर, म्हणजे लो पिच. 'एच' दिसलं तर चहा पिऊन सरळ उठा. तो हाय पिचचा, म्हणजे त्याचा ए हा सूर साधारण ४५७ हर्ट्झला. आजच्या ४४०शी जन्मात जुळायचा नाही.

दुरुस्तीला वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले. कुणीतरी दोन पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या चामडी गाद्या, चक्क सायकलच्या ट्यूबचे कापून बसवले होते, आणि ते वाजतही होते! या मॉडेलच्या भोकांच्या कडा बाहेर वळवलेल्या असतात. कड उंचसखल झाली तरी तिला कानस लावायची नाही, वळणच निघून जातं. कारागिराने आतून हलक्या हाताने उचलून ती सारखी केली. पॉलिशच्या चाकाला मी साफ नाही म्हणालो. बेलवरची, म्हणजे पुढच्या पसरट तोंडावरची नक्षी त्यात पुसट होते.

पॅडचा खरा वैरी म्हणजे आपला कूलर. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि ठणठणीत कोरडं, खोलीत मात्र वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा. चामडं आणि आतलं फेल्ट ओल धरतं, बाहेर नेलं की आकसतं. मग जी शार्पचा पॅड चिकटतो, खालच्या सुरांत हवा गळते. आता सॅक्सोफोनची केस कूलरच्या खोलीत ठेवतच नाही. वाजवून झालं की पॅडखाली सिगारेटचा पातळ कागद दाबून ओल टिपतो. स्प्रिंगा निळ्या पोलादाच्या, त्यांना सुईच्या टोकाने तेलाचा थेंब. नाहीतर श्रावणात गंज ठरलेला.

वाजवायला? मधलं सप्तक भरदार, गळ्यातून आल्यासारखं. पेटीवाल्याला काळी दोनची पट्टी सांगितली की माझी बोटं साध्या सी स्केलवर फिरतात. डाव्या करंगळीच्या चाव्या मात्र जड आणि अडनिड्या, हाय एफ शार्पची चावीच नाही. वरातीत धडाधड गाणी वाजवणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये, नवशिक्यानेही नाही. माऊथपीस मोठ्या पोकळीचा घ्या. चिंचोळ्या आधुनिक माऊथपीसवर वरचे सूर चढे, बेसूर लागतात.

नवे पॅड टाकूनही खालचा बी घुरघुरत होता. शेवटी बेलमधून बाटलीचं बूच आत सोडलं, ते तळाच्या वळणात बसलं आणि घुरघुर थांबली. हसू नका, जुनाच इलाज आहे. केस बंद करण्याआधी बूच तेवढं आठवणीने काढायचं.