हॅमरचा ड्रॅक्युला पाहावा तो उजेडासाठी

१९५८ सालचा ‘ड्रॅक्युला’ सुरू होतो तो एका दगडी गरुडावर. कॅमेरा तिथून हलतो, तळघरात उतरतो आणि शवपेटीवरच्या नावापाशी थांबतो. त्या अक्षरांवर रक्त ठिबकतं. कुणाचं, कुठून, काही कळत नाही. जेम्स बर्नार्डचं संगीत ड्रॅ-क्यु-ला ही तीन अक्षरंच वाद्यांवर आपटत असतं आणि थंड, निळसर दगडावर तेवढंच एक तांबडं ओघळत असतं. कृष्णधवल भुतांना सरावलेल्या त्या काळच्या प्रेक्षकाला पहिला धक्का या रंगानेच दिला असणार. मला तो अजून बसतो.

माझं आयुष्य नाटकांना प्रकाश देण्यात गेलं. प्रायोगिकला चार स्पॉट आणि एक कुरकुरणारा डिमर, व्यावसायिकला थोडा बरा जामानिमा, आणि दोन्हीकडे खिशात जिलेटिनचे, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचे तुकडे. त्यामुळे हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीचे व्हॅम्पायरपट मी भीतीसाठी पाहायला लागलो आणि उजेडासाठी पाहत राहिलो. या पावसाळ्यात ते क्रमाने पुन्हा पाहिले, मिळाले तेवढे ब्ल्यू-रेवर. त्यातले कोणते विकत घेण्यासारखे आहेत, हे प्रकाशाच्या बाजूने सांगतो.

हॅमर ही छोटी कंपनी होती. विंडसरजवळ थेम्सच्या काठी ब्रे इथे एक जुनी हवेली घेऊन त्यांनी तिचाच स्टुडिओ केला होता. ‘ड्रॅक्युला’चा सगळा खर्च सुमारे ८१ हजार पौंड. एवढ्यात किल्ला, तळघर, ग्रंथालय, मध्यमवर्गीय घर आणि स्मशान उभं करायचं. नेपथ्यकार बर्नार्ड रॉबिन्सन एकच सेट फिरवून फिरवून वापरायचा. खांब इकडचे तिकडे, जिना झाकलेला, भिंतीला नवा रंग, की दिवाणखान्याचं तळघर तयार. दौऱ्यावर दोन फ्लॅट (नेपथ्याच्या भिंती) आणि तीन लेव्हल (चौथरे) घेऊन निघालेल्या नाटकवाल्याला ही कसरत लगेच ओळखू येते. पण पडद्यावर ती काटकसर दिसत नाही. किल्ला स्वच्छ आहे, जळमटं नाहीत, जेवणाचं टेबल नीट मांडलेलं आहे. दिग्दर्शक टेरेन्स फिशरने इथे मोठी हुशारी केली आहे. वाईट गोष्ट झाडलेल्या, पुसलेल्या घरात घडली की तिच्यापासून पळायला जागा उरत नाही.

आणि या सगळ्यावर छायाचित्रकार जॅक ॲशरचा प्रकाश. ॲशर दिव्यांवर रंगीत जिलेटिन लावायचा आणि तेही कारण न देता. खोलीत जांभळा दिवा नाही, हिरवी काच नाही, तरी कोपऱ्यात जांभळी सावली आणि खांबामागे हिरवा पट्टा. रंगमंचावर आम्ही हे बिनदिक्कत करतो, कारण प्रेक्षकाने तो करार आधीच मान्य केलेला असतो. सिनेमात ते करायला छाती लागते. शिवाय माणसांच्या चेहऱ्यांवर ॲशर तो रंग सांडू देत नाही. चेहरा उबदार, मागचा दगड थंड, मध्ये एक बारीक बॅकलाइट. हे जमवायला वेळ लागतो आणि ॲशर वेळ घ्यायचाच. पुढे कंपनीला तो वेळ परवडेना, तेव्हा काम झपाट्याने उरकणाऱ्या आर्थर ग्रँटकडे कॅमेरा गेला. ग्रँटही चांगला होता, पण ॲशर गेल्यावर या चित्रपटांच्या अंधारातला रंग कमी झाला, हे माझं ठाम मत आहे.

ड्रॅक्युला झालेल्या ख्रिस्तोफर लीचा प्रवेश तर नटांना शिकवायला दाखवावा. जिन्याच्या वर काळी आकृती उभी. सहा फूट पाच इंच उंची, प्रकाश मागून, चेहरा दिसत नाही. आता काहीतरी भयंकर होणार असं वाटत असतानाच तो झपाझप पायऱ्या उतरतो, उजेडात येतो आणि अगदी सभ्य, कामात असलेल्या यजमानासारखं पाहुण्याचं स्वागत करतो. सामान उचलतो, खोली दाखवतो. पुढे ग्रंथालयाचं दार उघडतं आणि दारात तोच माणूस, डोळे लाल, तोंडाला रक्त. दोन प्रवेशांतलं हे अंतर म्हणजे अख्खी भूमिका. उरलेल्या चित्रपटात ली अगदी थोडा वेळ दिसतो आणि पाहुण्याला निरोप दिल्यानंतर जवळजवळ बोलतच नाही. तरी तो प्रत्येक खोलीत असल्यासारखा वाटतो.

त्याच्यासमोर पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग, व्हॅम्पायरांचा शिकारी. मला हा नट लीपेक्षाही जवळचा. कुशिंग वस्तूंशी फार प्रेमाने वागतो. फोनोग्राफ, हातमोजे, पिशवी, व्हॅम्पायरच्या छातीत ठोकायची खुंटी, हातोडी. प्रत्येक वस्तू त्याच्या हातात रोजच्या वापरातली वाटते. सहकारी त्याला ‘प्रॉप्स पीटर’ म्हणायचे. अंधारात, थडग्यांच्या मध्ये, घाबरलेल्या लहान मुलीला तो आपला कोट घालतो आणि तिच्याशी हळू बोलतो, ते दृश्य मी आवर्जून थांबवून पुन्हा पाहतो. शेवटच्या झटापटीत टेबलावरून धावत जाऊन तो पडदा ओढतो, सूर्यप्रकाश आत येतो आणि दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रूस करून तो ड्रॅक्युलाला त्या उजेडात ढकलतो. मेणबत्तीदाण्यांची कल्पना कुशिंगचीच. प्रकाशयोजनाकाराला याहून चांगला शेवट कुणी लिहून दिला नसता: खलनायक मरतो तो एका खिडकीमुळे.

हा शेवट पूर्ण पाहायचा असेल तर २०१३ साली ब्रिटनमध्ये निघालेली ब्ल्यू-रे हवी. सेन्सॉरने कापलेले काही तुकडे टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ठेवलेल्या जपानी प्रतीत शिल्लक होते. १९८४ च्या आगीतून वाचलेल्या त्या रिळांमधून ते काढून परत जोडले आहेत. ड्रॅक्युलाचं सावज झालेल्या मीनाच्या खोलीतला प्रसंग त्यामुळे लांबतो. ड्रॅक्युला तिच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन रेंगाळतो आणि हा हल्ला आहे की भेट, असा प्रश्न पडतो. शेवटी तो स्वतःच्याच चेहऱ्यावर बोटं ओढतो आणि कातडं निघून येतं. जोडलेले तुकडे थोडे जीर्ण दिसतात, पण त्यांच्याशिवायचा चित्रपट आता मला अपुरा वाटतो. याच डिस्कवर २००७ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने पुनरुज्जीवित केलेली आवृत्तीही आहे.

एक तक्रार मात्र नोंदवतो. लांब आवृत्तीत सगळ्या चित्राला निळसर झाक दिली आहे आणि ती गडदही आहे. जगभरच्या चाहत्यांचा त्यावर वाद चालू असतो. माझ्या मते ॲशरने चेहऱ्यांवर राखलेली ऊब त्यात जाते. टीव्हीची कलर टेंपरेचर सेटिंग ‘वॉर्म’कडे सरकवली की बरंच सावरतं. आणि विकत घेण्याआधी डब्यामागचा शिक्का पाहा: ब्रिटिश डिस्क बहुधा बी विभागाच्या, म्हणजे त्याच विभागाच्या प्लेअरवर चालणाऱ्या असतात, भारत सी विभागात येतो, म्हणजे सर्व विभाग चालवणारा प्लेअर लागतो.

आता माझा सर्वांत लाडका: ‘द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’, १९६०. नावात ड्रॅक्युला आहे, चित्रपटात नाही. ली नाही म्हणून लोक हा सोडून देतात आणि केवढं गमावतात! इथे खलनायक डेव्हिड पीलचा देखणा, सोनेरी केसांचा बॅरन माइन्स्टर. त्याच्या आईनेच त्याला चांदीच्या साखळीने बांधून ठेवलंय. फ्रान्सहून आलेली तरुण शिक्षिका मारियान दया येऊन किल्ली चोरते आणि खाली त्याच्याकडे फेकते. पुढचं सगळं त्या दयेतून घडतं. आईची भूमिका मार्टिटा हंटने केली आहे. पोरगा आईलाच चावतो. मग ती म्हातारी, मानी बाई आपले नवे सुळे बुरख्याआड लपवत पुन्हा व्हॅन हेल्सिंग झालेल्या कुशिंगसमोर उभी राहते आणि मुक्ती मागते. भयपटात एवढी लाज आणि एवढी करुणा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तिथे ॲशरचा जांभळा उजेड तिच्या मागच्या भिंतीवर असतो, तिच्यावर नाही.

स्मशानातलं दृश्य तर अंगावर काटा आणतं. वेडी दाई ग्रेटा एका ताज्या थडग्यावर पालथी पडून आत पुरलेल्या मुलीला बाहेर यायला सांगते आहे. बाळंतिणीला धीर द्यावा तसं, ढकल, अजून थोडं, अशा सुरात. माती हलते आणि हात बाहेर येतो. आणखी एका प्रसंगात शवपेटीची कुलपं एकेक करून आपोआप गळून पडतात. ट्रिक साधी आहे, पण प्रत्येक कुलपाच्या आवाजामधली शांतता इतकी नेमकी मोजलेली आहे की श्वास रोखला जातो. शेवटी कुशिंगलाच चावा बसतो आणि तो शुद्धीवर आल्यावर लोखंड तापवून स्वतःची मान डागतो, वर पवित्र पाणी ओततो. त्या वेदनेत तो नट जराही खोटा नाही. मग जळत्या पवनचक्कीच्या पात्यांवर लटकून तो ती फिरवतो, चांदण्यात त्यांच्या सावलीचा क्रूस होतो आणि बॅरन त्यात सापडतो. पहिल्या चित्रपटात उजेडाने मारलं, इथे सावलीने. एकच चित्रपट घ्यायचा झाला तर डोळे मिटून हा घ्या.

‘ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस’ (१९६६) मध्ये ली परत येतो आणि एक शब्द बोलत नाही. संवाद इतके वाईट होते की मी म्हणायला नकार दिला, असं ली सांगायचा. मी संवाद लिहिलेच नव्हते, असं लेखक जिमी सँगस्टरचं म्हणणं. खरं काहीही असो, मौन चित्रपटाला मानवतं. खरा चित्रपट मात्र बार्बरा शेलीचा. तिची हेलन सुरुवातीपासून सांगते की या किल्ल्यात राहू नका. कुणी ऐकत नाही. तिलाच आधी व्हॅम्पायर व्हावं लागतं आणि मग मठातले साधू तिला टेबलावर दाबून धरून खुंटी ठोकतात, ते पाहवत नाही. फिशरने तिथे आपल्याला कोणत्याच बाजूला आरामात बसू दिलेलं नाही. पडदा रुंद आहे, सेट तोच फिरवलेला. हॅमरने ‘रास्पुतिन’ हा चित्रपटही याच सेटवर पाठोपाठ काढला. घेण्यासारखा आहे.

‘ड्रॅक्युला हॅज रिझन फ्रॉम द ग्रेव्ह’ (१९६८) च्या चित्रीकरणाच्या वेळी हॅमरला निर्यातीतल्या कामगिरीबद्दल राणीच्या नावाचा उद्योग पुरस्कार मिळाला. व्हॅम्पायरांनी देशाला परकीय चलन कमावून दिलं होतं. दिग्दर्शक फ्रेडी फ्रान्सिस मूळचा कॅमेरामन, ऑस्कर मिळालेला. ड्रॅक्युला जवळ आला की चौकटीच्या कडा पिवळ्या-तांबड्या होतात, कारण त्याने कॅमेऱ्यासमोर कडेला रंगवलेले फिल्टर लावले. काहींना हे भडक वाटतं. मला आवडतं, गोष्ट जेमतेम आहे, रंग तिला उचलून धरतो. ‘टेस्ट द ब्लड ऑफ ड्रॅक्युला’ (१९७०) मधले ढोंगी, प्रतिष्ठित बाप आणि त्यांच्यावर उलटणारी मुलं हा विषय जबरदस्त. ड्रॅक्युला मात्र त्यात उपरा वाटतो.

त्याच वर्षीचा ‘स्कार्स ऑफ ड्रॅक्युला’ घेऊ नका. तारेला लटकलेलं रबरी वटवाघूळ आणि सपाट, भगभगीत प्रकाश. ब्रे तोवर सुटलेलं होतं आणि ते जाणवतं. त्यापेक्षा ‘ट्विन्स ऑफ एव्हिल’ (१९७१) पाहा. पत्नी हेलन गेल्यानंतरचा कुशिंग तिथे दिसतो. गाल आत गेलेले, डोळे विझलेले. तो इथे चेटकिणी जाळणारा कर्मठ माणूस आहे आणि देवाच्या नावाने तो जे करतो ते व्हॅम्पायरपेक्षा भीतिदायक आहे. ‘ड्रॅक्युला ए.डी. १९७२’ मध्ये ही जोडी चौदा वर्षांनी पुन्हा ड्रॅक्युला आणि व्हॅन हेल्सिंग म्हणून समोरासमोर आली. लंडनच्या पार्टीतली मुलं आणि त्यांची भाषा आज पाहवत नाही, पण पडक्या चर्चमध्ये दोघं उभे राहिले की बाकी विसरायला होतं. कुशिंग आधी नायिकेचा बाप होणार होता. पत्नीच्या मृत्यूनंतर तो इतका थकलेला दिसू लागला की त्याला आजोबा केलं.

हॅमरला भारताचं वेड होतं, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही. फिशरनेच १९५९ मध्ये ठगांवर ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ काढला. पण ब्रेमध्ये उभा केलेला तो कृष्णधवल हिंदुस्थान मला पटत नाही, मुद्दाम शोधू नका. सत्तरच्या दशकात ड्रॅक्युलाला भारतात आणणारी पटकथाही अँथनी हाइंड्सने लिहिली होती. ती पडद्यावर आली नाही. २०१७ मध्ये बीबीसी रेडिओवर ऐकायला मिळाली. आपल्याकडे मग रामसे बंधूंनी ‘बंद दरवाजा’त (१९९०) शवपेटी, सुळे आणि वटवाघूळ आणलं. त्यातल्या निळ्या-लाल दिव्यांमागे मला ॲशरचं जिलेटिन दिसतं. आमच्या पिढीच्या बऱ्याच प्रकाशवाल्यांनी ते रंग आधी तिथेच पाहिले.

नवख्याने आधी ‘ब्राइड्स’, मग १९५८ चा ‘ड्रॅक्युला’, मग ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’ असा क्रम ठेवावा. पहिल्यात ली नसल्यामुळे पुढच्यात जिन्यावर तो प्रथम दिसतो, तो क्षण पुरेपूर मिळतो. खोलीतले दिवे मालवा. टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करा, नाहीतर जांभळा निळ्यात मिसळून जाईल आणि रक्त टोमॅटो सॉससारखं दिसेल. हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं ‘मोशन स्मूदिंग’ही बंद.