आठ महिने सँडर वापरून: तो 'बिघडका' हिरवा स्विच

मे महिन्यात याच सँडरला, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या मशीनला, मी दोन तारे देऊन भरपूर शिव्या घातल्या होत्या. त्यातल्या अर्ध्या आज परत घेतोय. सहा इंची फिरती डिस्क आणि रोलरवर फिरणारा 4×36 इंची पट्टा, दोन्हींवर सँडपेपर.

तेव्हा माझं भांडण होतं स्विचशी. सावंतवाडीजवळचं गाव, घराच्या पडवीत वर्कशॉप. इंडस्ट्रियल डिझाइनच्या पहिल्या वर्षाची मॉडेलं करतो. सध्या खवणीच्या मुठी, पांगाऱ्याच्या लाकडात आणि एमडीएफमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड). लाईट जाऊन आली की पंखा आपोआप फिरतो, हे मशीन ढिम्म. पुन्हा हिरवं बटण दाबा. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की बटण धरतच नाही. सर्व्हिसवाल्यांना सहा फोन. "कोल्हापूरला पाठवा, कुरियर तुमचं." एवढं धूड! गावच्या वायरमनने सांगितलं, "डायरेक करून दितंय, पन्नास रुपये दी." म्हणजे हा स्विच वगळून मोटर थेट विजेला जोडायची. तो भातलावणीत अडकला म्हणून राहिलं.

जुलैत पट्टा सारखा एका बाजूला सरकत होता. मध्येच लाईट गेली. म्हटलं, तेवढ्यात पट्टा नीट बसवू. प्लग तसाच. बोटं पट्टा आणि रोलरच्या मध्ये, आणि आतून आजी ओरडली, "लाईट इली रे!" पंखा फिरला, टीव्ही बोंबलला. पट्टा हलला नाही. मी दहा मिनिटं पायरीवर बसून होतो.

कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या सरांनी उलगडा केला. हा नो-व्होल्ट स्विच. वीज आहे तोवरच आतली कॉइल संपर्क धरून ठेवते; गेली की सोडते, आणि कुणी बटण दाबेपर्यंत परत जोडत नाही. व्होल्टेजच कमी तर ती धरणार कशी? त्यात माझी वीस मीटरची बारीक एक्स्टेन्शन. 2.5 चौरस मिमीची जाड वायर टाकली, आता सातच्या सुमारासही बहुतेकदा धरतं. प्लग काढला नव्हता हे कळल्यावर सर जे बोलले ते इथे लिहीत नाही.

बाकी, डिस्कची जी बाजू फिरताना खाली जाते, काम त्याच बाजूला धरा, दुसऱ्या बाजूला तुकडा उडतो. हातमोजे नकोतच, कापड अडकलं तर हात ओढला जातो. धुळीची पिशवी नावापुरती आहे. एमडीएफला एन-95 लावा. पावसाळ्यात टेबल गंजतं, मेण चोळतो.

तारे आता चार. पाचवा नाही, कारण भांडणाच्या भरात मागवलेला 640 रुपयांचा सुटा स्विच विकणारे परत घेत नाहीत. कुणाला हवा असल्यास अर्ध्या किमतीत देईन. कुडाळपर्यंत आणून देतो, पुढचं एसटीभाडं तुमचं.