जोडप्यांसाठीचा बोट-कोर्स: खडकवासल्यात पास, खाडीत अर्धाच

पुण्याहून चालणारा हा पाच दिवसांचा कोर्स. तीन दिवस खडकवासल्यात शिडाची होडी, मग ताम्हिणीतून रेवदंड्याला उतरून दोन दिवस कुंडलिकेच्या खाडीत आउटबोर्ड इंजिनाची बोट. जाहिरातीत ‘जोडप्यांसाठी’ असं ठळक अक्षरांत आहे. दोघंच बोटीवर असताना एक पाण्यात पडला, तर वाचवायला दुसरा एकटाच उरतो, म्हणून कोर्स एकाच कसोटीवर जोखायचा: दोघंही तांडेल, म्हणजे बोट सांभाळणारे, झाले, की एक तांडेल आणि दुसरा नुसता दोर ओढणारा खलाशी?

खडकवासल्यात उत्तर चांगलं आहे. होड्या एंटरप्राइज वर्गाच्या, साधारण ४ मीटरच्या. मोठं शीड आणि पुढचं छोटं शीड, म्हणजे जिब; त्यामुळे दोघांनाही हातभर काम. ठरावीक वेळाने शिट्टी होते आणि जागा बदलाव्याच लागतात; ‘तूच धर रे, मला जमत नाही’ इथे चालत नाही. डोंगरांमुळे वारा झटक्याझटक्याने येतो, त्यामुळे झटका लागला की आधी मेनशीट (मोठ्या शिडाचा दोर) सैल, मग सुकाणू, हा क्रम हातात बसतो.

होडी मुद्दाम आडवी पाडून घेतात, तेही नीट. दोघांची डोकी पाण्याबाहेर आहेत ना, ते पाहायचं. मेनशीट आणि जिबचे दोर मोकळे करायचे. एकाने तळाकडून जाऊन सेंटरबोर्डवर (तळातून बाहेर आलेल्या फळीवर) वजन टाकायचं, दुसऱ्याने आतल्या बाजूला पाण्यात आडवं तरंगत राहायचं. होडी सरळ होताना तो आपोआप आत उचलला जातो. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवलेली नसली, तर उठता उठता शीड वारा धरतं आणि होडी पलीकडच्या बाजूला पुन्हा आडवी. नवशिके फसतात ते इथेच.

पैसे वसूल होतात ते मात्र भरतीच्या वर्गात. सुरुवात कोकणातल्या जुन्या हिशेबाने होते: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. नेमकी वेळ आणि उंची अर्थात भरतीच्या कोष्टकातूनच घ्यायची. मग पाणी चढतं कसं: सहा तासांत १, २, ३, ३, २, १ असे बारावे भाग. भरती-ओहोटीतला फरक ३.६ मीटरचा धरला, तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, तिसऱ्या-चौथ्या तासात ९०-९०. म्हणजे ओढ सगळ्यात जास्त मधल्या दोन तासांत. खाडीवरच्या साळावच्या पुलाखालून तेव्हा जायचं नाही.

नांगराचं गणितही याच्यातूनच निघतं. दोर खोलीच्या पाचपट सोडायचा असतो; पण ओहोटीला २ मीटर पाणी दिसतं म्हणून १० मीटरच सोडला, की फसलात. भरतीला ३.५ मीटर चढणार आहे, नाळ पाण्याच्या वर १ मीटर आहे, बेरीज ६.५, पाचपट केली की ३२-३३ मीटर. दोर तोकडा पडला की तो उभा होतो, नांगर चिखलातून उचकटतो आणि बोट वाहायला लागते. किनाऱ्यावरचा माड आणि मागची एखादी भिंत एका रेषेत धरून ठेवायची. रेष मोडली की बोट सरकली समजायचं. दोरावर तळहात ठेवला तरी कळतं: घसरणारा नांगर थरथरत हाताला लागतो.

इंजिनाची शिकवणीही ठीक. मनगटाला किल-कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी), मागून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार पडते आहे ना, ते चालू केल्या केल्या बघायचं. धार बंद झाली म्हणजे बहुधा गाळ किंवा प्लास्टिक अडकलंय. तसंच रेटलं तर इंजिन तापून बसतं. आणि सुरू होऊन थोड्या वेळाने मरत असेल, तर आधी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंदच राहिलेला असतो.

घसरण होते ती धक्क्याला लागताना. प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून हळूहळू यायचं, आधी मधला दोर बांधायचा, उडी न मारता पाऊल टाकायचं, हे सगळं तोंडी सांगतात आणि ऐन वेळी सुकाणू प्रशिक्षक स्वतःच घेतात. एका बोटीवर तीन जोडपी असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला एखादाच प्रयत्न येतो. माणूस पाण्यात पडल्यावर बोट वळवून त्याच्यापर्यंत नेणं शिकवतात, पण भिजलेल्या जड माणसाला एकट्याने वर कसं घ्यायचं, हे नाही. बोटीच्या कडेवरून दोराचा फास पायरीसारखा खाली सोडायचा, एवढं दाखवायला दहा मिनिटं पुरतात. तळ्यातली ५० न्यूटनची (न्यूटन हे तरंगवण्याच्या ताकदीचं माप) जाकिटंच खाडीतही देतात, हे तर चुकीचंच. बेशुद्ध माणसाचं तोंड ती पाण्याबाहेर फिरवत नाहीत. तिथे किमान १०० न्यूटनची हवीत.

घरी अमेरिकन व्हिडिओ बघून जाणार असाल तर एक खबरदारी. तिथे बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) उजव्या हाताला ठेवतात. आपल्याकडे लाल डाव्या हाताला, हिरवा उजव्या.

फीमध्ये पेट्रोल आणि रेवदंड्यातला मुक्काम धरलेला नाही. शेवटी मिळतं ते हजेरीचं प्रमाणपत्र, बोट चालवायचा परवाना नव्हे. पावसाळ्यात खाडीचा भाग बंद असतो. उरलेल्या महिन्यांतही सकाळची मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, असतानाच पाण्यावर असावं. दुपारी समुद्रावरून खारा वारा आत येतो, त्याच वेळी ओहोटीचं पाणी बाहेर निघालं की कोर्लईसमोर खाडीच्या मुखाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात. छोट्या बोटीची तिथे दमछाक होते. बॅच ठरवताना तारखेबरोबर तिथीही विचारा, आणि एका बोटीवर दोनच जोडपी असतील हे लिहून घ्या.