गाडीचा मागचा दरवाजा: अखंड ठेवावा की दुभागी करून घ्यावा?

वापराच्या सुखात दुभागी दरवाजा, म्हणजे वरचा भाग वर उचलला जाणारा आणि खालची फळी खाली पडणारा, मला सरस वाटतो. खालची फळी आडवी पडली की तिच्यावर बसून बूट घालता येतात. गाडी चढावर उभी असली तरी खालची फळी न उघडता वरचाच भाग उचलता येतो, सामान घरंगळून पायावर येत नाही. रेंज रोव्हरला १९७० पासून हीच रचना आहे. टोयोटाच्या लँड क्रूझर २०० या मॉडेललाही ती होती, त्यापुढच्या ३०० मध्ये मात्र अखंड दरवाजा आला.

अखंड दरवाजा पावसात डोक्यावर छप्पर धरतो आणि हात थेट आत पोचतो. आडव्या फळीवरून वाकून जड पेटी ओढताना कंबर बोलते, हे खरंच.

पण कंपनीतून दुभागी येणं वेगळं आणि कापून करणं वेगळं. अखंड दरवाजाची ताकद त्याच्या सलग चौकटीत असते. ती कापली की दोन्ही कडांना नवा पेटीसारखा पत्रा जोडावाच लागतो. खालच्या बिजागऱ्यांचा भार जिथे पडतो, तो पत्रा मुळात फक्त लॉक धरायला केलेला असतो, म्हणून आतून जाड पट्टी हवी. वरचा भाग हलका होतो, त्यामुळे जुने गॅस स्ट्रट (दरवाजा वर उचलून धरणारे गॅसचे दांडे) त्याला जोरात उडवतात, तेही बदलायचे. वायपर, कॅमेरा, नंबरप्लेटच्या दिव्याची वायरिंग नव्याने ओढायची.

सगळ्यात जपायचा तो मधला आडवा सांधा. तिथून पाणी, धूळ आणि सायलेन्सरचा धूरही आत येतो. कागदाची पट्टी सांध्यात धरून दरवाजा लावा. ती सहज ओढून निघाली, तर तिथलं रबर बसलेलं नाही. तेवढी खात्री देणारा कारागीर मिळेपर्यंत मी अखंड दरवाजाला कटर लावणार नाही.