डिस्टिलरी, सीबीजी की हायड्रोजन? साखरपट्ट्यात नोकरी धरण्याआधी

गळीत हंगाम सुरू झाला की माझा फोन वाजायला लागतो. "बीएस्सी केमिस्ट्री झालंय, डिस्टिलरीत लागू का?" "गावाशेजारी सीबीजी प्लांट उभा राहतोय, फिटर घेतायत म्हणे, जाऊ का?" कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यातल्या पोरांना घर, थोडी शेती आणि म्हातारे आईवडील सांभाळून नोकरी करायची असते. माझी चौदा वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीच्या, म्हणजे इथेनॉल करणाऱ्या प्लांटच्या, लॅबमध्ये गेली, आणि भाचा सीबीजी (कचरा कुजवून केलेला, दाबून भरलेला बायोगॅस) प्लांटवर लागल्यापासून तेही काम जवळून बघतोय. फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगतो, ते इथं सविस्तर लिहितो.

पगाराचा आकडा विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: प्लांट वर्षातले किती दिवस चालतो?

इथेनॉलची वाढ आम्ही डोळ्यांनी पाहिली. २०१३-१४ मध्ये देशात पेट्रोलमधलं मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होतं. जून २०२२ ला ते दहा टक्क्यांवर गेलं, २०२५ मध्ये वीस टक्के झालं. त्या काळात बऱ्याच कारखान्यांनी डिस्टिलरी उभारली किंवा वाढवली. पण ७ डिसेंबर २०२३ ला, पाऊस कमी झाल्यामुळं, केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेची मर्यादा घातली. त्या वर्षी मी होतो तिथं प्लांट लवकर थांबला आणि कंत्राटी पोरांना सगळ्यात आधी घरी बसवलं. त्यातल्या दोघांना काम मीच शिकवलं होतं. ते अजून मनात सलतं. बंदी पुढच्या वर्षी उठली, पण तोवर मक्यापासूनचं इथेनॉल पुढं निघून गेलं होतं. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुरुवातीला वाटलेल्या साधारण १,०४८ कोटी लिटरपैकी साखरेवर आधारित इथेनॉलच्या वाट्याला २८९ कोटी लिटरच आले. म्हणजे तीस टक्केही नाही.

म्हणून डिस्टिलरीत जाताना ती फक्त मळीवर (मोलॅसिसवर) चालते की धान्यावरही, हे आधी बघा. मार्च २०२५ मध्ये केंद्रानं सहकारी कारखान्यांना डिस्टिलरी मका आणि खराब धान्यावरही चालवता यावी म्हणून व्याज सवलतीची योजना आणली. ज्या कारखान्यानं तो बदल केला, तिथं उसाचा हंगाम संपल्यावरही काम राहण्याची शक्यता जास्त. नुसत्या मळीच्या डिस्टिलरीत साठा संपला की देखभाल, रंगरंगोटी आणि वाट बघणं.

सीबीजीचं उलटं आहे. डायजेस्टरमधले, म्हणजे कचरा कुजवायच्या बंद टाकीतले, जिवाणू बाराही महिने खातात, त्यांना हंगाम कळत नाही. प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) मात्र हंगामातच निघतो, आणि ढिगात पडून राहिला की त्यातला गॅस हळूहळू कमी होत जातो. साधारण २५ टन प्रेसमडमागं एक टन गॅस निघतो. त्यामुळं ज्या प्लांटनं नेपियर गवत, शेण, भाजीबाजाराचा कचरा यांची सोय आधीच लावलीय, तिथं नोकरी बारमाही. ज्यानं लावली नाही, तिथं ऑगस्टमध्ये मालक कपाळाला हात लावून बसतो. सीबीजीसाठी केंद्राची 'सतत' योजना ऑक्टोबर २०१८ मध्ये आली तेव्हा ५,००० प्लांटचं स्वप्न होतं आणि ते फार मागं राहिलं. तरी आता शहर गॅस वितरण कंपन्यांना सीएनजी आणि घरगुती गॅसमध्ये सीबीजी मिसळण्याचं बंधन आलंय: २०२५-२६ ला १ टक्का, पुढं चढत २०२८-२९ ला ५ टक्के. गिऱ्हाईक ठरलेलं असणं ही मोठी गोष्ट आहे. इथेनॉललाही त्यानंच उभं केलं.

कामातला फरक बघा. डिस्टिलरीत फर्मेंटर भरला की दीड दिवसात निकाल हातात येतो. लॅबवाला यीस्टचा नमुना काढतो, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकतो आणि मायक्रोस्कोपखाली मोजतो: मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत कोऱ्या राहतात. निळ्या वाढल्या की पुढची बॅच हातची जाणार हे तुम्हाला मॅनेजरच्या आधी कळतं. फेस वर चढला तर टीआरओ (फेस मारणारं तेल) सोडायचं, ब्रिक्स (द्रावणातल्या साखरेचं माप) बघत राहायचं. चुकलात तर एक बॅच जाते, दोन दिवसांत सावरता येतं. सीबीजीत माल आत महिनाभर राहतो. आज जास्त खायला घातलं तर आम्लता वाढायला काही दिवस जातात आणि गॅस पूर्ववत व्हायला आठवडे. तिथं रोज एकाच वेळी नोंद करणारा, सहनशील माणूस लागतो. माझा भाचा डिस्टिलरीत कंटाळला असता, तिथं रमलाय.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. कच्च्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून टाकीत उतरलेली माणसं वर आलेली नाहीत. मुलाखतीला गेलात की गॅस डिटेक्टर अंगावर देतात का, बंदिस्त जागेत उतरायला लेखी परवाना लागतो का, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पगार कितीही सांगोत, परत या. डिस्टिलरीतही स्पेंटवॉशच्या (अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याच्या) टाक्यांना हाच नियम.

आता पैसे. सहकारी कारखान्याच्या डिस्टिलरीत तुम्ही कायम किंवा हंगामी पटावर असाल तर साखर कामगारांचा त्रिपक्षीय करार लागू होतो. २०२५ मध्ये त्यात १० टक्के वाढ ठरली, १ एप्रिल २०२४ पासून. हंगामी माणसाला बंद काळात रिटेन्शन, म्हणजे पगाराचा काही भाग, मिळतं. पण नव्या पोरांना बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराच्या नावावर घेतात आणि त्यांना यातलं काही मिळत नाही. सीबीजी प्लांट बहुतेक खासगी आणि लहान. तिथं करार नाही, संघटना नाही, जे बोलाल ते. उलट माणसं कमी असल्यानं चांगला ऑपरेटर दोन-तीन वर्षांत शिफ्ट इनचार्ज होतो. डिस्टिलरीत त्यासाठी कुणीतरी निवृत्त व्हावं लागतं.

दोन्हीकडं हातात येणारा पगार विचारा. 'सीटीसी' (तुमच्यावर मालकाचा होणारा एकूण खर्च) म्हणून सांगितलेल्या आकड्यात बरेचदा मालकाचा १२ टक्के पीएफही धरलेला असतो. ईएसआय (कामगार विमा) आहे का तेही बघा, एकवीस हजारांपर्यंतच्या पगाराला ते लागू आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्यात, नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे आणि ओव्हरटाइम दुप्पट दरानं. मुलींना लॅबमध्ये रात्रपाळी त्यांच्या संमतीनं देता येते, पण ने-आण करण्याची सोय लेखी घ्या. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून येण्याची संधी मिळाली तर २०२४ च्या निर्णयानुसार विद्यावेतन असं: बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. ते शिकण्याचे दिवस आहेत, पुढं नोकरीची हमी त्यात नाही. तेवढ्या काळात लॅबपासून बॉयलरपर्यंत सगळं फिरून घ्या.

हायड्रोजनबद्दल थोडक्यात. केंद्राचं हरित हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ चं, १९,७४४ कोटींचं. राज्याचं धोरण त्याच वर्षी जुलैत आलं, ८,५६२ कोटींचं. आकडे मोठे आहेत, पण आपल्या तालुक्यातल्या पोराला आज अर्ज करता येईल अशा जागा मला दिसत नाहीत. नुसत्या हायड्रोजनच्या नावावर फी घेणाऱ्या क्लासला पैसे भरू नका. इन्स्ट्रुमेंटेशन आणि उच्च दाबाच्या गॅसची सुरक्षितता शिका. सीबीजीच्या कॉम्प्रेसरवर ते शिकायला मिळतं आणि पुढं तिकडंही चालेल.

माझा कल सांगतो. बीएस्सी केमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी असेल आणि वर्षभराची ऐपत असेल तर पुण्याजवळच्या मांजरीच्या व्हीएसआयमधला (वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट) अल्कोहोल तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम करून धान्यावरही चालणारी डिस्टिलरी धरा. आयटीआय फिटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा डिप्लोमावाल्यानं, कच्च्या मालाची सोय असलेला सीबीजी प्लांट जवळ असेल तर तिकडं जावं. आणि शिक्षण कमी, पण अंगात मेहनत असेल तर बॉयलरवर जा. एक लिटर अल्कोहोलमागं साधारण आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश निघतो, तो आटवून जाळायला हल्ली डिस्टिलरीत वेगळा बॉयलर असतो. तिथं हेल्पर म्हणून राहून अनुभवाचे दिवस नीट लिहून घ्या आणि बाष्पके संचालनालयाची सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्या. ते सर्टिफिकेट कापड गिरणीत, दूध संघात, औषध कंपनीत, कुठंही चालतं. २०२३ ला घरी बसवलेल्या त्या दोघांपैकी एकाकडं ते होतं. पंधरा दिवसांत तो एका दूध संघात लागला. दुसऱ्याला आठ महिने लागले.

जाण्याआधी गेटवर चहाच्या टपरीला थोडा वेळ बसा. पाळी सुटल्यावर बाहेर पडणाऱ्यांना विचारा, मागच्या वर्षी प्लांट किती दिवस चालला आणि पगार किती तारखेला होतो.