विंडोज १० नंतर काय? अकरा, मिंट की आहे तेच: नागपूरच्या छोट्या ऑफिससाठी तुलना

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून सिव्हिल लाइन्समधले टायपिंगवाले, धरमपेठेतले कर सल्लागार, इतवारी-महालातले लग्नपत्रिका छापणारे, सगळे एकच विचारतात: आता मशीनवर टाकायचं काय, विंडोज ११ की विंडोजऐवजी चालणारी मिंट ही लिनक्सची मोफत सिस्टिम? मशीन बंद पडलेलं नाही. फक्त सुरक्षेचे अपडेट येणं थांबलं आहे. पण त्याच मशीनवर बँक, जीएसटी आणि पक्षकारांचे कागद असतील तर ही गोष्ट लहान नाही.

माझं मत आधीच सांगतो. कोणती सिस्टिम चांगली, या वादात पडू नका. तुमच्या टेबलावर प्रिंटर कोणता आहे, मराठी कशात टाइप करता आणि यूएसबीला काय लावता, हे तीन प्रश्न निकाल लावतात. बाकीचा त्रास हाताला सवय होईपर्यंतचा.

मशीन अकराला चालतं का?

सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट. तिथे प्रोसेसरचं नाव दिसेल. 'आय५-७४००' असं लिहिलं असेल तर तो सातव्या पिढीचा. एखाददुसरा अपवाद सोडला तर विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढे चालतं. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. मशीन नवं असूनही टीपीएम नाही असा संदेश आला तर लगेच नवं घ्यायला बर्डीच्या बाजारात जाऊ नका. बऱ्याचदा ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, नुसतं बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने शोधा आणि चालू करा.

अट चुकवून अकरा टाकता येतं, अनेक जण टाकूनही देतात. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलं आहे. घरच्या मशीनवर हवं तर करा, पोटापाण्याच्या मशीनवर अजिबात नको.

अकराचा खरा त्रास

मधोमध गेलेले आयकॉन टास्कबारच्या सेटिंगमधून डावीकडे आणता येतात. राइट-क्लिकचा मेनू अर्धवट दिसतो, त्यावर उपाय म्हणजे शिफ्ट दाबून राइट-क्लिक करायचं, जुना मेनू थेट येतो. एवढ्यावरून लोक वैतागतात, पण हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं.

मनस्ताप देतं ते वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण. सेटअप करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं आणि बॅकअपला होकार गेला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या आत सरकतात. फुकट जागा मिळते ५ जीबी. स्कॅन केलेल्या पीडीएफ रोज साठवणाऱ्या दुकानात ती बघता बघता भरते आणि इशारे सुरू होतात. मग कोणीतरी वैतागून बॅकअप बंद करतं, डेस्कटॉप रिकामा दिसतो, आणि फोन येतो: "भाऊ, डेस्कटॉपवरचं काहीच नाही दिसून राहिलं!" फाइली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच असतात. पण ऐन घाईत पक्षकार समोर बसलेला असताना जीव जातो. म्हणून पहिल्याच दिवशी, एकही फाइल टाकण्याआधी, हा बॅकअप ठेवायचा की नाही ते ठरवून टाका.

आणखी एक. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. जुनं ३२-बिट विंडोज असल्यामुळे डॉसच्या काळातला हिशेबाचा प्रोग्रॅम आजवर चालत आला असेल, तर तो तिथे सुरू होणार नाही.

मिंट: कृतिदेववाल्यांनी इथे नीट वाचावं

लिनक्सच्या अनेक प्रकारांतून मी मिंटच सुचवतो, कारण मेनू डाव्या कोपऱ्यात खाली आणि घड्याळ उजवीकडे, हाताला फारसं परकं वाटत नाही. मिंट २२ जुलै २०२४ मध्ये आलं आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ४ जीबी रॅमवर चालतं. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली तर चौथ्या पिढीचं आय३ सुद्धा रोजच्या टायपिंगला पुरून उरतं. सी आणि डी ड्राइव्ह दिसत नाहीत, सेटअपच्या फाइलवर डबल-क्लिक चालत नाही, प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यावे लागतात. हे सगळं शिकता येतं.

लिनक्सवर कृतिदेव चालत नाही असा एक समज आहे. चालतं. कृतिदेव हा साधा फॉन्ट आहे. इंग्रजी कीबोर्डवर 'डी' दाबलं की 'क' उमटतो आणि शिफ्टसह दाबलं की अर्धा 'क्'. फॉन्टची फाइल मिंटमध्ये टाकली की लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये तीच बोटं तशीच चालतात. गोंधळ होतो तो ऑटोकरेक्टमुळे. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं आणि पूर्ण 'प' चा अर्धा 'प्' होऊन बसतो. सरळ अवतरणचिन्ह आपोआप वाकडं होतं, आणि कृतिदेवात अर्धा 'श्' त्याच कळीवर असल्याने तिथे भलतंच काही उमटतं. टूल्समध्ये ऑटोकरेक्ट ऑप्शन्स उघडून कॅपिटलचे पर्याय आणि लोकलाइज्ड ऑप्शन्समधली अवतरणचिन्हांची अदलाबदल बंद केली की मजकूर सरळ येतो. एक उणीव मात्र उरते: आल्ट धरून आकडे दाबून काढायची जोडाक्षरं मिंटमध्ये तशी निघत नाहीत. ती स्पेशल कॅरेक्टरमधून घ्यावी लागतात. वेगाने टाइप करणाऱ्याला हे खुपणार, हे मान्य.

युनिकोडवाल्यांना उलट सुख आहे. आयबस हे टायपिंगचं साधन बसवलं की मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि गमभनसुद्धा मिळतं. त्यांची अडचण वेगळी: मंगल हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा, तो मिंटसोबत येत नाही. मंगलमध्ये केलेला अर्ज मिंटवर उघडला की दुसरा फॉन्ट लागतो, ओळी सरकतात आणि सात पानांचा अर्ज आठवर जातो. पान क्रमांक देऊन अनुक्रमणिका लावलेली असेल तर सगळं पुन्हा करावं लागतं. त्यामुळे मिंटवर जायचं असो वा नसो, आजपासूनच मुक्ता किंवा नोटोसारखा मोफत फॉन्ट वापरायला लागा. तो दोन्हीकडे सारखाच राहतो.

विंडोजसाठी घेतलेलं श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मिंटवर चालवायच्या भानगडीत मात्र पडू नका. अकरावर जायचं असेल तर आपली आवृत्ती तिथे चालते का, हे आधी विक्रेत्याला विचारा.

प्रिंटर, टॅली, टोकन

आपल्याकडच्या दुकानांत दिसणारे दोन जुने लेझर प्रिंटर घ्या. एचपी १०२० मिंटवर एचपीच्याच एचपीलिप या ड्रायव्हरने आणि त्याच्या प्लगइनने चालतो. कॅनन एलबीपी २९०० साठी कॅननचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण तो बसवणं इतकं किचकट आहे की ज्याचं दिवसभर छापण्याचं काम आहे त्याला मी मिंट सुचवणार नाही. त्याच प्रिंटरला विंडोज ११ वर ६४-बिट ड्रायव्हर पुरतो.

टॅली आणि कोरल ड्रॉवर ज्यांचं पोट आहे, त्यांना निवडच नाही. दोन्हींची आजची आवृत्ती लिनक्ससाठी येत नाही. डिजिटल सहीच्या टोकनचे लिनक्स ड्रायव्हर काही कंपन्या देतात, पण जीएसटीच्या ३बी रिटर्नची २० तारीख डोक्यावर असताना टोकन दिसेना झालं तर मदतीला धावून येणारा माणूस शहरात सहज सापडत नाही. कर सल्लागारांनी आठव्या पिढीचं किंवा त्यापुढचं मशीन घ्यावं, जुनं मिळालं तरी चालेल, आणि अकरावर जावं.

आहे तिथेच राहिलं तर?

वैयक्तिक वापराच्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची योजना दिली. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ती फुकट, नाहीतर ३० डॉलर. हा निर्णय नव्हे, मुदतवाढ आहे. ती घेऊन तयारी करणार असाल तर जरूर घ्या.

बदलाची वेळही बघून ठरवा. विधिमंडळ अधिवेशनाच्या डिसेंबरात आणि मार्चएंडला हात लावू नका. नवतप्यातही, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतही, नको. लाईट जायची भीती असताना सिस्टिम टाकायला बसायचं असेल तर यूपीएस आधी तपासा.

मिंटकडे कल असेल तर सध्याचं काही न पुसता ते पेन ड्राइव्हवरून सुरू करा. इन्स्टॉल करेपर्यंत डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय जोडा, कृतिदेव टाका, एक जुना अर्ज उघडा आणि त्याचं एक पान तुमच्याच प्रिंटरवर छापा. पान नीट आलं तर पुढचं बोलू. नाही आलं तर पेन ड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू करा, तुमचं विंडोज जसंच्या तसं असेल.