स्तन काढल्यावर पॅड, इम्प्लांट की स्वतःचंच मांस?

सुरगाणा, पेठच्या पाड्यावरून कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी नाशिकला आलेल्या आदिवासी बाईला नवा स्तन करता येतो, हे पुष्कळदा कुणी सांगतच नाही. ‘शेतात राबणारीला काय करायचंय’ असं परस्पर ठरतं. म्हणून ऑपरेशनच्या आधीच विचारा. त्याच वेळी करायचं तर कातडी राखून छेद घ्यावा लागतो. वर्ष-दोन वर्षांनी केलं तरी चालतं.

शेक (रेडिएशन) लागणार असेल तर इम्प्लांट, म्हणजे कातडीखाली बसवायची सिलिकॉनची पिशवी, मागे पडतं. शेकलेली कातडी आकसते, इम्प्लांटभोवतीचं आवरण कडक होऊन स्तन दगडासारखा लागतो, कधी इम्प्लांट काढावंच लागतं. आधी एक्स्पांडर (फुगवता येणारी पिशवी) बसवला, तर दर आठवड्या-पंधरवड्याला सुईने सलाईन भरून कातडी ताणायची आणि मग दुसरं ऑपरेशन. दर फेरीला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. शेक नसेल तर मात्र हे ऑपरेशन आटोपशीर, अंगावर दुसरी जखम नाही.

स्वतःच्या मांसाचा स्तन करायचा तर पाठीचा स्नायू पुढे फिरवायला 3-4 तास लागतात. त्याची रक्तवाहिनी तोडत नाहीत, म्हणून हा फ्लॅप (हलवून बसवलेलं मांस) भरवशाचा. पण विहिरीतून दोर ओढताना जोर लावतो तो हाच स्नायू. रोजची कामं अडत नाहीत, मात्र ओढायच्या कामात तो खांदा लवकर थकतो. पाठीत पाणी साचतं, ते सुईने काढावं लागतं.

पोटाची कातडी-चरबी वापरली तर स्तन सर्वांत नैसर्गिक होतो, पण 6-8 तासांचं ऑपरेशन आणि बारीक रक्तवाहिन्यांची जोडणी. गुठळी झाली तर लगेच पुन्हा थिएटरात. पहिले दोन दिवस दर तासाला फ्लॅप तपासतात. सावळ्या कातडीवर बिघडलेला रंग चटकन कळत नाही, म्हणून डॉपलरचा (रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा) आवाज आणि हाताला लागणारी ऊब महत्त्वाची. सडपातळ बाईच्या पोटावर मुळात चरबीच पुरत नाही. व्रण बेंबीखाली आडवा, नेमका लुगड्याच्या गाठीच्या जागी. सहा आठवडे हंडा, मोळी बंद.

मशेरी दोन्ही फ्लॅपची वैरीण. निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात, कडा काळ्या पडतात. निदान चार आठवडे आधी सोडा. कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी जाड गाठ उठली असेल तर तेही सर्जनला दाखवा. नवे व्रणही तसेच फुगू शकतात.

पॅडला मी कमी लेखणार नाही. जखम भरल्यावर, 6-8 आठवड्यांनी, सिलिकॉनचा पॅड वापरता येतो. वजन जुळतं, पण एप्रिलच्या उन्हात खाली घाम साचून कातडी सोलते. विणलेला सुती पॅड हलका, घरी धुता येतो. घरी शिवताना धान्य भरू नका, घामाने कुबट वास येतो आणि किडे होतात. ब्लाउजला आतून सुती खिसा लावला की वाकून लावणी करतानाही पॅड सरकत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत स्तन काढणं, केमो, शेक होतात. पुनर्रचनेचं, म्हणजे नवा स्तन करण्याचं, पॅकेज मंजूर होतंय का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) भरती होण्याआधीच पक्कं करून घ्या.